वरच्या पलाटाचा खड्डा

माझ्या घरात शिलाईची मशीन इटावर उभी हाय. चारी पायाखाली दोन-दोन इटा. नवं कुणी आलं की हसतंय, म्हणतंय, मशीनीला चपला घातल्या व्हय? हसू द्या. त्या मशीनीवर आमचं घर चालतंय. आधी मालक गेले, मागून लेक गेला. मी ऱ्हायले आन सून ऱ्हायली. सून बायकांचे बिलावज शिवती, म्या बसून हुक लावते, काजं करते. आता डोळं साथ देत न्हाईत, तवा नुसते दोरे तोडते. ती मशीन भिजली तर आमच्या दोघींच्या पोटाला काय? म्हणून इटा.

आमची गल्ली धाराशिवच्या कडंला, माळ उतरतोय तिथं. आमी ऱ्हायला आलो तवा वर समदं ज्वारीचं रान व्हतं. पाऊस कितीबी पडू, रान पिऊन घ्यायचं. बांधाला अडायचं, ढेकळात मुरायचं, उरलंसुरलं वढ्याला जायाचं. आमच्या दारात कधी पाणी आलं न्हाय. दारातली जमीन कोणत्या अंगाला उतरती हे बी कधी बघितलं न्हाय आमी. कामच पडलं न्हाय.

मंग रानं इकाया लागली, घराची पलाटं पाडाया. पयलं इकलं ते डाव्या अंगाचं. जेसीबी आला, बांध गेले, बाभळी गेल्या. शिमिटाचे रस्ते झाले, दोन्ही कडंनी शिमिटाची नाली झाली. आन नालीचं तोंड कुठं काढलं? आमच्या गल्लीच्या डोक्यावर. तिथंच सोडून दिली. पलाटं इकली आन तो पलाटवाला गेला निघून, पुन्हा तोंड दाखवलं न्हाय.

त्या वर्सी पोळ्याच्या सुमाराला भर दुपारी पाऊस झाला. लई मोठा न्हाय, नेहमीसारखाच. पण वरचं समदं पाणी शिमिटावरनं घसरत आलं. दारातनं न्हाय आलं बरं का. मागच्या भितीतनं आलं, मातीचीच भित ती. आधी ओल दिसली, मंग धार, मंग चुलीत पाणी. सून बाजारात गेलेली. म्या एकटी. लगीनघरचे बिलावज मशीनीखाली गठुड्यात व्हते, ते उचलस्तोवर भिजले. लाल रंग पिवळ्याला लागला. मशीनीचं खालचं लाकूड फुगलं, दोन महिने ती नीट चालंना. ज्वारीच्या पोत्याला मोड आले. मोड आलेली ज्वारी आमी वाळवली, दळली आन खाल्ली. गोडसर चिकट लागती भाकरी, थापायला येत न्हाय. पण खाल्ली. टाकून कुठं जावं?

तवापासून इटा.

आता उजव्या अंगाचं रान तेवढं ऱ्हायलं व्हतं, बरोबर आमच्या डोक्यावरचं. ते बी इकलं. म्या सुनंला म्हणलं, इटा वाढव.

नवा पलाटवाला आला. पांढरी गाडी, डोळ्याला काळा चष्मा. आमच्या गल्लीत आला आन दारोदार हात जोडाया लागला. माझ्या दारात आला तवा म्या हुक लावत बसलेली.

"मावशी, घाबरू नका. आमच्या पलाटाचं पाणी तुमच्या घरात येणार नाही."

"पाणी तुमचा गडी हाय का," म्या म्हणलं, "थांब म्हणलं की थांबाया?"

तो हसला. "तशी व्यवस्थाच करायलोय."

खरं सांगते, पाण्याच्या नावानं कुणी गोड बोलाया लागलं की माझा इस्वास बसत न्हाय. माझं माहेर माकणीच्या अंगाला. धरण झालं, बापाचं रान त्यात गेलं. बाप मरस्तोवर धरणाच्या कडंला जाऊन बसायचा, पाण्यात बोट दाखवायचा, हितं आपली विहीर व्हती म्हणायचा. दुष्काळात म्या तळ्याच्या कामावर पाट्या वाहिल्या. साहेब म्हणले, बायांनो, तुमच्यासाठीच हाय हे तळं. तळं झालं, भरलं बी. पण आमी प्यायचं पाणी दुसरीकडनंच आणायचो. म्हणून कुणी माझ्यासाठी खड्डा खणतोय म्हणलं, की म्या आधी बघते त्यात कोण पडणार हाय.

आन त्यानं खरंच खड्डा खणला.

आमच्या गल्लीला लागून, रानाच्या खालच्या कोपऱ्यात. लांबलचक, उथळ, कढईवाणी. रस्त्याच्या कडंनी शिमिटाची नाली केलीच न्हाय, उथळ चर काढले आन त्यात गवत लावलं. चराचं तोंड खड्ड्यात. डाव्या नालीचं आमच्या भितीमागनं येणारं पाणी बी आता वाटंतच त्यात उतरणार व्हतं. खड्ड्याच्या बुडाशी खडी, वर वाळू, वर माती, आन त्यात वाळ्याची रोपं लावली, लव्हाळी लावली. कडंनी करंजं. वढ्याच्या अंगाला दगडाचा बुटका उंबरा केला, जास्तीचं पाणी तिकडनं सांडाया. समदी गल्ली बघाया गोळा झाली.

माझी शेजारीण भाजी इकती. तिचं तोंड तिच्या मिरचीपेक्षा तिखट. ती म्हणली, "काकू, ह्याचं डोकं फिरलंय, न्हायतर आपलं फिरवायलाय. रस्त्याच्या तोंडावरचा कोपरा हाय हा. समद्यात महाग पलाट हाच. आन हितं गवत लावतोय?"

"गवत लावून कोण पैसा कमावतंय?" म्या म्हणलं.

"तेच म्हणते मी. आज खड्डा दाखवंल, उद्या आपली गल्लीच खड्ड्यात घालंल. संडासाचं पाणी सोडायचं असंल त्यात."

कुणी म्हणलं टावर उभा करणार. कुणी म्हणलं पालिकेला दाखवायला केलंय, कागद पास झाला की बुजवणार. एक जण म्हणला साप येणार. ते मात्र खरं वाटलं समद्यांना.

म्या रोज जाऊन बसाया लागले. काम घिऊन जायाची, करंजाच्या आळ्यापाशी बसायची, हुक लावायची आन बघायची. कामावरचे गडी म्हणायचे, आजी, मुकादम झालाव का? म्या म्हणायची, झाले की, पण तुमचा मालक पगार देईना. एक दिस पलाटवाला सोता आला. म्या घरनं चहा आणला, त्याला दगडावर बसवलं आन इचारलं.

"मालक, खरं सांगा. ह्यात तुमचा काय फायदा?"

"मावशी, निसर्ग आहे. पाणी जमिनीत मुरलं पाहिजे. पुढच्या पिढीला..."

"चहा गार व्हायलाय," म्या म्हणलं. "पुढल्या पिढीचं पुढली पिढी बघंल. तुमचं सांगा. झाडाच्या मायेनं पलाट सोडणारा माणूस म्या अजून बघितला न्हाय."

त्यानं कप खाली ठेवला. मंग चष्मा काढला. पयल्यांदा डोळं दिसले त्याचे.

"बघा मावशी. मोकळी जागा मला सोडावीच लागते, नियम आहे. बाकीचे लोक कुठंतरी दगडाधोंड्यात सोडतात. मी खालच्या अंगाला सोडली, वर कोपऱ्याचा तो एक पलाट त्यात घातला. शिमिटाची नाली करायची म्हणलं तर ती वढ्यापर्यंत न्यावी लागते. मधी दुसऱ्याची रानं. कोण जाऊ देतंय? आणि तुमच्या गल्लीत सोडली तर तुम्ही काय करणार?"

"रस्त्यात बसणार."

"बसणारच. डाव्या अंगाच्या टायमाला बसला नाहीत, पण आता बसणार. गिऱ्हाईक आलं की त्याच्या गाडीपुढं बसणार. मग माझा पलाट कोण घेणार?" तो जरा हसला. "आणि पाणी हितं मुरलं तर आमच्या बोअरला राहील. धाराशिवात पलाट घेणारा आधी काय इचारतो? रस्ता इचारत नाही, शाळा इचारत नाही. पाणी इचारतो. बोअरला पाणी आहे म्हणलं की दोन पैसे जास्त देतो. हिरवं दिसलं की बायकोला आवडतं. बायकोला आवडलं की सौदा होतो."

म्या उरलेला चहा त्याच्या कपात ओतला. एवढा येळ हा माणूस मला लबाड वाटत व्हता, कारण तो देवमाणसावाणी बोलत व्हता. आता फायद्याचं बोलला तवा जरा खरा वाटला. धरमाचं मन फिराया येळ लागत न्हाय. फायद्याचं मन जागच्या जागी ऱ्हातंय, जवर फायदा हाय तवर.

घरी येऊन सुनंला सांगितलं. सून मला आत्या म्हणती. ती म्हणली, "मग बरंच झालं की आत्या. आता इटा काढू?"

"पाऊस तर पडू दे," म्या म्हणलं.

पाऊस पडला तो घट बसले तवा. तुळजापूरला पायी जाणारी लोकं रस्त्यानं भिजत चालली व्हती. आभाळ सकाळधरनं काळं. दुपारी जे सुरू झालं ते थांबंना. सून मशीनीवरची कापडं वर टांगाया लागली. म्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आन खड्ड्याकडं गेले. सून वरडली, आत्या, पडताल! पडले तर पडले. भित बघत घरात बसण्यापरीस ते बरं.

वरनं पाणी येत व्हतं, लाल. पण धावत न्हवतं. चरातल्या गवतात अडखळत, थांबत, गाळ टाकत येत व्हतं. खड्ड्यात उतरलं आन गोल फिराया लागलं. वाळा बुडाला, लव्हाळीची नुसती टोकं दिसाया लागली. पाणी वर चढाया लागलं तसा माझा जीव बी वर चढला. आता ह्या कडंनी फुटणार, आता माझ्या भितीत जाणार. कडंला म्या उभी आन पायाखाली पाणी. मंग ते दगडाच्या उंबऱ्याला लागलं, जरा थांबलं, आन वढ्याकडं सांडाया लागलं.

खालनं सून वरडली, "आत्या, भित कोरडी हाय!"

म्या तिथंच बसले. चिखलातच.

डाव्या अंगाच्या नालीनं मात्र तिच्या तोंडापुढच्या घरात पाणी घातलंच. आमी रात्रीचं पिठलं त्यांच्याकडं नेऊन दिलं. दोन दिसात आमचा खड्डा कोरडा. बेडूक तेवढे ऱ्हायले.

आन तिसऱ्या दिशी पांढरी गाडी हजर. मागं अजून दोन गाड्या. गिऱ्हाईकं. तो चिखलात बोट दाखवून सांगत व्हता, बघा, एवढा पाऊस झाला, कुठं डबकं आहे का? रस्ता वाहून गेला का? मंग मला हाक मारली. "मावशी, सांगा ह्यांना. तुमच्या घरात पाणी आलं?"

एक बाई पुण्याकडची असंल, माझ्याकडं बघाया लागली.

"यंदा आलं न्हाय," म्या म्हणलं. "पुढच्या साली या इचाराया."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण पलाटं खपली. त्या पावसानंच खपवली म्हणा की.

पलाटं खपली तसा तो यायचा कमी झाला, मंग बंदच. घरं झाली, गेटं झाली, गाड्या आल्या. गवत कापाया गडी यायचा, तो यीना. चरात चिप्सची पाकिटं, बाटल्या. कोपऱ्यातल्या घरात एक रिटायर मास्तर ऱ्हाया आले. चांगला माणूस, पण सापाचं लई भ्या. म्हणायचे, हे जंगल काढून टाकलं पाहिजे, गाड्या लावायला जागा होईल. बाकीचे मान हलवायचे. म्या म्हणलं, गुरुजी, हे जंगल हाय म्हणून तुमच्या बोअरला पाणी हाय. तर म्हणले, बोअर खोल आहे आजी, त्याचा खड्ड्याशी काय संबंध?

आन एक दिस सकाळी खड्ड्याच्या कडंला मुरमाचा ढीग पडला. टॅक्टरच्या टॉल्या खाली केल्या व्हत्या.

म्या इचारलं, कुणी टाकला? कुणाला ठाव न्हाय. मास्तरला ठाव न्हाय, शेजारच्या गेटाला ठाव न्हाय. एवढा मुरूम आभाळातनं पडला? सुनंनं पलाटवाल्याला फोन लावला. वाजला, उचलला न्हाय. पुन्हा लावला, कट केला.

शेजारीण म्हणली, "झालं काकू. मी म्हणलं नव्हतं? पलाट खपले, आता खड्डा बी खपंल."

माझ्या डोळ्यापुढं मागची भित आली. आधी ओल, मंग धार.

आता कुणाकडं जावं? अर्ज लिहाया मला येत न्हाय, आन लिहिला तरी तवर मुरूम पसरून व्हईल. म्या शेजारणीला म्हणलं, चल वढ्याला.

आमच्यात लहान लेकराला बी ठाव असतंय, पाणी असतंय तिथं साती आसरा असत्यात. पाण्याच्या सात बायका. विहिरीला पाणी लागलं की पयल्यांदा काठावर त्यांचे सात दगड बसवायचे, मंग पोहरा टाकायचा. माझ्या बापाच्या विहिरीवर व्हत्या, धरणाच्या पाण्यात गेल्या. ज्या पाण्याच्या त्या पाण्यात. आसरा बसल्या तिथं कुणी थुंकत न्हाय, घाण टाकत न्हाय. आन ते पाणी बुजवायचं म्हणलं तर भल्याभल्याचा हात उचलत न्हाय.

वढ्यातनं सात गुळगुळीत दगड आणले. शेंदूर तेलात कालवला. गल्लीतल्या बाया आल्या, कुणी हळदकुंकू आणलं, कुणी हिरव्या बांगड्या. म्या दहीभात केला. खड्ड्याच्या काठाला, मुरमाच्या ढिगाला टेकून, ओळीनं सात जणी बसवल्या.

सून हळूच म्हणली, "आत्या, देवाला आपल्या कामाला लावलंव व्हय?"

"आपल्या कुठं? त्यांचंच काम हाय ते. त्या पाण्याच्या राखणीलाच असत्यात."

दुपारी मुरूम पसराया टॅक्टर आला. डायवर आमच्याच भागातला. त्यानं शेंदूर बघितला, किल्ली बंद केली, खाली उतरला आन हात जोडले. मास्तर गेटातनं वरडले, "अरे, दगड आहेत ते! सकाळी ठेवलेत!"

"कवा का ठेवलेले असंना," डायवर म्हणला. "मला लेकरंबाळं हायेत गुरुजी. तुमीच घ्या फावडं."

मास्तरनं घेतलं न्हाय. मंग माझ्याकडं आले. "आजी, हे अतिक्रमण आहे. आज दगड, उद्या पत्रा, परवा सभामंडप. मग दानपेटी. मला कळतं सगळं. तुम्हाला ही जागा खायचीय."

म्या रागावले न्हाय. त्यांचं बी खोटं न्हवतं, तसं व्हतंच जगात. म्या पलाटवाल्याकडं जसं बघत व्हते तसं मास्तर माझ्याकडं बघत व्हते.

"गुरुजी," म्या म्हणलं, "आसरांवर आमी छप्पर घालत न्हाई. त्यांना आभाळ लागतंय. आन पेटी ठेवली तर पयल्यांदा तुमीच फोडा."

पांढरी गाडी दुसऱ्याच दिशी आली. फोन उचलत न्हवता, पण बातमी बरी पोचली. तो उतरला, ढीग बघितला, दगड बघितले. बूट काढले. सवयीनं काढले का भ्यानं, मला कळलं न्हाय.

"मुरूम तुमचा?" म्या इचारलं.

त्यानं खड्ड्याकडं बघितलं, माझ्याकडं न्हाय. "घरवाल्यांनी मागितला होता, मावशी. पार्किंग पाहिजे म्हणत होते."

"आन तुमी दिला."

त्यानं पायानं मुरमाचा एक खडा बाजूला सारला.

"पलाटं इकायची व्हती तवर खड्डा तुमचा. इकल्यावर कुणाचा?"

"आता तुम्ही असा केलाय की कुणाचाच नाही," तो म्हणला. हसला, पण कडवट. मंग येरझाऱ्या घालाया लागला, अनवाणी, खड्यावरनं. मला वाटलं आता शिव्या देतोय. तर म्हणला, "जळकोटच्या रस्त्याला नवी प्लॉटिंग काढायलोय. तिथंबी असंच करायचंय. गिऱ्हाईकाला दाखवायला मला हे चालू पाहिजे."

"मंग गाळ काढा. गवत कापा. गिऱ्हाईक काय मुरूम बघाया येणार हाय?"

त्यानं तिथंच फोन लावला, डायवरला म्हणला, ढीग उचल आन वरच्या रस्त्याला टाक. मास्तरला भेटला, झाडाखाली दोन-चार गाड्यांना जागा करून देतो म्हणला. जाताना सात दगडांपुढं वाकला. मंग फोन काढून त्यांचा फोटो घेतला. तो फोटो जळकोटच्या गिऱ्हाईकाला दाखवणार, पाणी बी हाय न् देवी बी हाय म्हणणार. मला वळखू येतंय की.

दाखवंना. त्याला दाखवायचं हाय तवर तो गाळ काढंल. दाखवायचं संपलं की त्या सात जणी हायेत. एकावर माझा भरवसा बसत न्हाय, म्हणून दोन ठेवले.

पाऊसकाळाच्या आधी गडी आले, गाळ काढून गेले. वाळा आता माझ्या कमरंएवढा झालाय. अमावस्येला म्या दहीभात नेते. मास्तर गेटातनं बघत असत्यात, पत्रा आणला का म्हणून. परवा त्यांच्या बायकोनं हळूच हळदकुंकू वाहिलं, मास्तर आत गेलेले बघून.

एवढे पाऊस झाले, भित कोरडीच हाय. सुनंची पाठ दुखती, मशीन उंच झाल्यामुळं हात-पाय वर धरून चालवावी लागती. आज पुन्हा म्हणली, "आत्या, आता तरी काढू का इटा?"

म्या मागच्या भितीला हात लावून बघितला. मंग म्हणलं, वरची एक-एक काढ. खालची राहू दे.